बाप जिता असताना

यवतमाळ, २ सप्टेंबर १९६३

सदाशिव,

तू जिवंत आहेस याचा मला आनंद झाला. हे परवा तुझ्या अंगणातच सांगायचं होतं, पण तू सांगू दिलं नाहीस. तेरा वर्षांनी थोरली बहीण दारात दिसली तर माणूस निदान पाणी विचारतो. तू विचारलंस, हिला कोणं बोलावलं? कोणीच बोलावलं नव्हतं. मी तुझ्या मयताला आले होते, आणि मयताला आमंत्रण लागत नाही.

आता तू गावभर सांगत सुटला आहेस की गुणवंतानं बापाला जिवंतपणी मारलं. बसमधून येणारा प्रत्येक माणूस मला हे ऐकवतो. म्हणून लिहिते. फाडायचं असेल तर आधी वाच, मग फाड.

वर्ध्याला डोळ्याच्या ऑपरेशनला जाताना तू फक्त तुझ्या गड्याला, देवीलालला, बरोबर नेलंस. तुझं बरंवाईट सांगू शकेल असा तोच एक माणूस, आणि तो तुझ्या खाटेशी बसलेला. त्याच दिवसांत गुणवंत मुंबईला होता. कंपनीच्या कामाला नव्हे, तू लोकांना काही का सांगेनास. दहा वर्षं नौदलात इंजिनखोलीत काढून मुलगा तीन वर्षांपूर्वी सुटला, पण राखीव नौसैनिक म्हणून त्याचं नाव तिथं आहे. सरावाचं बोलावणं आलं की जावं लागतं. गेला, आणि जहाजावर चढण्यापूर्वी त्याला मिशी काढावी लागली.

तो तिथला नियम आहे. नुसती मिशी चालत नाही. एक तर चेहरा साफ, नाहीतर मिशीसकट पूर्ण दाढी, तीही कप्तानाला विचारून. कसला हा नियम, असं मीही विचारलं. पण मी नऊ वर्षं नागपूरच्या कॉन्व्हेंटात नन्सच्या हाताखाली काढली आहेत. दुसऱ्याच्या केसांवर हुकूम चालवणारी माणसं मला नवी नाहीत. ती बदलत नाहीत.

परत येताना धामणगावला गाडीतून उतरून त्यानं यवतमाळची बस धरली. बस बाभुळगावला थांबली. तिथं पानठेल्यापाशी मारोतराव उभा. होणारा सासरा दिसताच गुणवंतानं लाजेनं मान खाली घातली आणि ओठांवर रुमाल धरला. आता तूच सांग, मारोतरावानं काय समजायचं? व्याही वर्ध्याला ऑपरेशनला गेलेला, त्याच्या मुलाची मिशी काढलेली, तोंडाला रुमाल, मान खाली. आपल्या मुलखात असा तरुण दिसला तर लोक 'काय झालं' असंही विचारत नाहीत, 'कधी गेले' एवढंच विचारतात. बस सुटली म्हणून त्याला तेही विचारता आलं नाही.

गुणवंताची त्या तोंडानं राळेगावला यायची छाती झाली नाही. तो यवतमाळला उतरून मन्सूरच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसला. मन्सूर म्हणजे माझ्या शेजारच्या सुग्राबीचा मुलगा. दोघं एकाच जहाजावर होते, आता दोघंही राखीव. ओठावर थोडी काळी रेघ दिसू लागली की घरी जाईन, असा त्याचा विचार. तो रेघेची वाट बघतो आहे आणि इकडे मारोतराव बायको, भावजय आणि भाड्याची जीप घेऊन माझ्या दारात.

"इंदुताई, चला. सदाशिवराव गेले."

मी डोक्यावरून पाणी घेतलं आणि जीपमध्ये बसले. वाटेत मी रडले असं मारोतरावाच्या बायकोनं तुला सांगितलं असेल. त्या जीपला एका बाजूला पडदा नव्हता आणि कळंबपर्यंत पाऊस होता. इतकंच.

पुढचं तुझ्या अंगणातलं. बायका रडत होत्या, पुरुष वर्ध्याहून तुला कशातून आणतील याची चर्चा करत होते, कोणी लाकडंही आणून टाकली होती. तेवढ्यात बैलांची रेंगी आली आणि तिच्यातून डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेला तू उतरलास. चांगल्या डोळ्यानं लाकडं पाहिलीस आणि विचारलंस, "कोण गेलं?" मारोतरावाच्या बायकोचा सूर अर्ध्यात तुटला. शेवटी देवीलाल म्हणाला, "मालक, हे तुमचंच दिसून राह्यलं."

मला तेव्हा हसू आलं असतं. पण तेवढ्यात गुणवंत आला. बाजारात बातमी ऐकून मन्सूरनं त्याला बसमध्ये बसवून दिलं होतं. बाप गेला असं समजूनच तो स्टँडवरून पळत आला, सदाशिव. तुला उभा पाहिला आणि तुझ्या पायांवर पडला. तू त्याचं तोंड वर केलंस. मला वाटलं, जवळ घेशील.

"बाप जिता असताना मिशी काढली. आता मी मेल्यावर काय काढशीन?"

आणि मग ते 'जाय तुह्या दर्यावर, इथं पाय नको ठेवू.' गावासमोर.

तो माझ्याकडे आहे. आता मुद्द्याचं सांगते. आजवर राखीव माणसांना सराव करून परत पाठवत. आता त्यांच्यातल्या निवडक लोकांना आरमाराच्या लढाऊ जहाजांवरच घेणार आहेत, नेहमीच्या नौसैनिकांच्या बरोबरीनं, त्याच कामावर, त्याच हुद्द्यावर. निदान वर्षभर, आणि चांगलं केलं तर पुढेही. गुणवंताची निवड झाली आहे, मन्सूरचीही. ऑक्टोबरच्या मध्याला मुंबईत हजर व्हायचं आहे. सक्ती नाही, नको म्हणता येतं.

आणि तो नको म्हणणार आहे. पहिल्या वेळी तो तुला न विचारता गेला, पालक म्हणून सही मी केली, त्यावरून तू मला दार बंद केलंस, आणि त्याची आई गेली तेव्हा तो समुद्रात होता. या वेळी बाबांच्या तोंडून 'जा' ऐकल्याशिवाय पाऊल उचलणार नाही म्हणतो. मी पुष्कळ बोलले. तुझाच मुलगा आहे.

तेव्हा एक शब्द लिही. मोठं पत्र नको, तुझं अक्षर मला माहीत आहे.

तुझी थोरली बहीण,
इंदू

ता. क. मरणाची खोटी आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. त्या हिशोबानं मुलानं तुझं भलंच केलं.


यवतमाळ, १४ सप्टेंबर १९६३

सदाशिव,

देवीलाल गेल्या आठवड्यात येऊन गेला. ओट्यावर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, मालकानं पत्र वाचलं नाही, तसंच चुलीत टाकलं. मग त्यानं माझ्या पत्रातल्या एकेका वाक्याला तुझं उत्तर सांगितलं. जीपला पडदा होता म्हणे. चुलीत घातलेलं पत्र इतकं पाठ कसं झालं, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "बाई, मी निरोप्या आहो. मले कायले गुंतवता?"

तुझा निरोप पोचला. मिशी ठेवून जात असेल तर जा, नाहीतर वणीकडच्या खाणीत पंपावर जागा आहे, ओळखीनं मिळेल, तिथं मिशी कोणी मोजत नाही.

तुझं मला अगदीच कळत नाही असं समजू नकोस. नोकरीतली ती दहा वर्षं तू सोसलंस. गेला तेव्हा पोराला मिसरूड धड नव्हतं, पुढे रजेवर मिशीशिवाय आला तरी घरातच असायचा. गेल्या तीन वर्षांत त्यानं मिशी राखली, आणि ती वाढताना बघून तुला वाटू लागलं की आता हा घरी आला. पण घरी आलेल्या माणसाची अवस्था येऊन बघ एकदा. माझ्या घरातली फिरणारी प्रत्येक वस्तू त्यानं उघडून परत बसवली आहे. शिवणयंत्र दोनदा. घड्याळ आता बरोबर चालतं, आणि ते बरोबर चालतं म्हणून तो उठून वर्कशॉपवर जातो, तिथून परत येतो, दारात उभा राहतो, पुन्हा जातो. त्याचं बघून मलाही बसवत नाही. निवृत्त झाल्यापासून मी इतकी चालले नव्हते. भाजी घ्यायला म्हणून निघते आणि बसस्टँडवर जाऊन पोचते. पाट्या वाचते. परत येते. भाजी राहते.

तर उपाय सापडला आहे. पूर्ण दाढी. नियमात मिशी एकटी चालत नाही, दाढीबरोबर चालते. भरघोस दाढी घेऊनच हजर झाला तर परवानगी मिळेल, असं मन्सूर म्हणतो. त्याची स्वतःची आहे. म्हणजे तुझी मिशी जागेवर राहिली, त्यांचा नियमही राहिला. निरोप आला त्या दिवसापासून गुणवंतानं वस्तऱ्याला हात लावला नाही.

गावात बोलणं आहेच. सुग्राबीनं त्याला पाहिलं आणि मला कुंपणावरून विचारलं, "क्या बाई, पोट्टा हमारे मन्सूर के साथ हज को निकला क्या?" ती हसली, मीही हसले. पण काल मारोतराव आला. गादीच्या कडेला बसला, इकडचं तिकडचं बोलला, पाऊस, कपाशीवरची कीड. मग हळूच म्हणाला, ताई, मुलगा दाढी करत नाही असं दिसते.

मी म्हटलं, करत नाही.

तो म्हणाला, आपल्यात घरची बाई दोन जिवांची असली म्हणजे नवरा दाढी करत नाही. मुंबईस बरेच वर्ष होता पोरगा. तसं काही असेल तर आधी सांगा, माझ्या पोरीचा प्रश्न आहे.

सदाशिव, मी तीस वर्षं मुली शिकवल्या, असला प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मग मी त्याला सांगितलं की या घराच्या आसपास गाभण आहे ती सुग्राबीची शेळी, आणि तिचा गुणवंताशी काही संबंध नाही. तो चहा न घेता गेला. आधी जिवंत व्याह्यासाठी बायका रडवल्या, आता हे. त्या माणसाची मला थोडी कीवही येते.

दाढी छान भरते आहे. तुझा निरोप मान्य झाला असं समजते. आता ते 'जा' पाठव. देवीलालच्या तोंडी नको.

इंदू


यवतमाळ, ३० सप्टेंबर १९६३

सदाशिव,

देवीलालनं बाजारात गुणवंताला पाहिलं आणि तुला सांगितलं. आता तू विचारतोस, 'पोट्टं काय लपवून राह्यलं?' पोट्टं लपवत नव्हतं. मी लपवत होते.

दाढी भरत नाही. उजव्या बाजूला घोंगडीसारखी आहे. डाव्या जबड्यावर, कानाखालून हनुवटीकडे, हाताच्या पंजाएवढ्या जागेत केसच येत नाहीत. गुळगुळीत चेहऱ्यावर कधी कळलं नाही. फार निरखून पाहिलं तर कातडी जरा चकाकते, बस. सगळीकडे वाढली तेव्हा ती जागा उघडी पडली.

मी त्याला खुर्चीत बसवून विचारलं, जसं शाळेत विचारत असे. टाळाटाळ केली. मग सांगितलं.

तुला ती दिवाळी आठवत असेल जेव्हा तो रजा मिळूनही आला नाही. आई गेल्यानंतरची दुसरी. तू म्हणाला होतास, साहेब झाला, आता बाप आठवत नाही. तेव्हा तो कोचीनच्या इस्पितळात होता. इंजिनखोलीत वाफेच्या नळाचा सांधा सुटला. वाफ बंद करायचं चाक नळाच्या पलीकडे होतं. त्यानं तोंड फिरवलं आणि हात घातला. मन्सूर त्याच्या मागे होता, त्याला काही झालं नाही. पुढच्या रजेला आला तेव्हा कातडी भरून आली होती, आणि त्यानं पत्रात लिहिलं होतं, 'मी मजेत आहे.' ते पत्र तू मला दाखवलं नाहीस, पण मलाही तसंच आलं होतं. मीही मानलं.

आता मला राग कोणाचा यावा तेच कळेना. नौदलाचा, सांध्याचा, मजेत आहे लिहिणाऱ्या पोराचा. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. कपाटातली भांडी सगळी काढून घासली. मला वाटायला लागलं, सदाशिव, की तुझंच बरोबर आहे. वणीची खाण काय वाईट. पंप तर पंप.

शेवटी मी त्याला सरळच म्हटलं की एवढं होऊन तुला पुन्हा तिथंच कशाला जायचं आहे. त्यानं जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, माझी भर नाही.

"आत्या, इथं कापसाच्या जिनातलं इंजिन बंद पडलं तर लोक बिडी पेटवतात. तिथं बंद पडलं तर सगळं जहाज माझ्याकडे बघते. मले ते पाहिजे."

'मले' म्हणाला. माझ्यासमोर तो नेहमी शाळेतलं बोलतो.

मी भांडी परत लावली. त्यानं जावं असं माझं मत आहे, आणि आता ते पहिल्यापेक्षा पक्कं आहे. मला नन्सनी एकदा मद्रासला कॉलेजला पाठवायचं ठरवलं होतं. आपली आई गेली, तू चार वर्षांचा होतास, मी गेले नाही. त्याची मला खंत नाही. पण घरात बसून राहिलेलं माणूस कसं दिसतं ते मला रोज आरशात दिसतं, ते मला त्याच्या तोंडावर बघायचं नाही.

अडचण मात्र होती तिथंच आली. अशी अर्धी दाढी जहाजावर चालत नाही, मन्सूरनं साफ सांगितलं. पूर्ण येत नसेल तर सगळंच काढा. म्हणजे मिशीही. ते कळल्यावर गुणवंत म्हणाला, मग विषय संपला. नाही जात. तसं मुंबईला कळवूनच टाकतो म्हणाला. मी पोस्टाची पाकिटं उचलून तांदळाच्या डब्यात ठेवली आहेत.

निरोप पुरे झाले. तू ये. त्याचा जबडा स्वतःच्या डोळ्यानं बघ, आता तो डोळा चांगला झाला आहे म्हणे.

इंदू


यवतमाळ, ९ ऑक्टोबर १९६३

सदाशिव,

ही कुठली रीत?

तू आलास. माझ्या ओट्यावर बसलास, आत आला नाहीस. पाणी घेतलंस, चहा घेतला नाहीस. गुणवंताला समोर बसवलंस, नवीन चष्मा पुसलास, त्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवलीस आणि कितीतरी वेळ बघत राहिलास. मी दाराच्या आत उभी होते. मला वाटलं, आता. आता बोलेल. तू काठी उचललीस आणि दुपारच्या बसनं निघून गेलास. ना त्याला शब्द, ना मला.

तो स्टँडपर्यंत तुझ्या मागे आला. मी ओट्यावरून पाहत होते. तू मागे वळून पाहिलं नाहीस.

त्याचा अर्थ त्यानं 'नाही' असा घेतला. दुसरा काय घेणार? कालपासून तो एकदम शांत आहे. काही उघडत नाही, काही बसवत नाही. ते मला आधीच्या येरझाऱ्यांपेक्षा वाईट वाटतं. वणीला कोणाला भेटायचं असतं, असं त्यानं मला विचारलं.

मन्सूर परवा सकाळी निघतो. सुग्राबीनं त्याच्या दंडाला इमाम जामीन बांधला, नाणं कापडात शिवून. प्रवासाला निघणाऱ्याला बांधतात. तिनं दुसरा एक गुणवंतासाठीही शिवून ठेवला होता. तो माझ्याकडे आणून दिला आणि म्हणाली, रहने दो बाई, कभी तो जाएगा. मी तो घेतला.

गुणवंत मन्सूरला पोचवायला धामणगावपर्यंत जाणार आहे. नुसता पोचवायला. मुंबईची गाडी दुपारी आहे. गाडी गेली की तो परत येईल, आणि मग तो कुठेच जाणार नाही. हे तुला पक्कं कळावं म्हणून हे पत्र टपालानं न पाठवता राळेगावच्या कंडक्टरच्या हाती देते आहे. तो माझ्या विद्यार्थिनीचा नवरा आहे, पोचवेल.

गुणवंताला न सांगता मी एक केलं आहे. त्याचे कपडे मन्सूरच्या ट्रंकेत तळाशी घातले आहेत. मन्सूरला माहीत आहे.

मला तुला आणखी काही सांगायचं नाही. तुझ्याशी भांडायलाही आता माझ्याजवळ काही उरलेलं नाही.

इंदू


यवतमाळ, ३ नोव्हेंबर १९६३

सदाशिव,

तीन आठवडे मी वाट पाहिली की तू मला कळवशील. नाही कळवलंस. त्या दिवशी गुणवंत धामणगावहून परत आला नाही. संध्याकाळची शेवटची बस येऊन गेली तरी मी स्टँडवर उभी होते. मग मुंबईहून त्याचं कार्ड आलं, 'आत्या, बाबा आले होते. मी जातो आहे. कपडे मिळाले.' संपलं कार्ड. मुलगा तुझाच, हे आधीही लिहिलं आहे.

बाकीचं मला काल कळलं. मन्सूरचं पत्र सुग्राबीला आलं. तिला वाचता येत नाही, म्हणून तिची पत्रं मीच वाचते. म्हणजे माझ्या भावानं काय केलं ते मी शेजारणीला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि मध्ये मला थांबावं लागलं, तर ती म्हणाली, काहून थांबले बाई, पुढचं वाचा. अक्षर लागत नाही म्हटलं.

मन्सूर लिहितो, ते दोघं फलाटावर होते. गाडीला वेळ होता. तू आलास, मागे देवीलाल, त्याच्या हातात पितळेचा गडू आणि तुझी वस्तऱ्याची पेटी. तू गुणवंताला म्हणालास, बस. तो मन्सूरच्या ट्रंकेवर बसला. तू गळ्यातला पंचा काढून त्याच्या खांद्यावर टाकलास. स्टेशनाबाहेरचा न्हावी धावत आला, की मालक, मी कशाला आहे, डोळ्याचं तुमचं असं. फलाटावरची माणसं गोळा झाली. भर फलाटावर पोराची मिशी काढायला निघालेला बाप त्यांनी पाहिला नव्हता. कोणीतरी विचारलं, घरी कोण गेलं, बुवा?

तू न्हाव्याला हातानं मागे सारलंस.

"न्हाव्यानं काढली तर लोक म्हन्तीन बाप मेला. माह्या हातानं काढतो. पाहा सगळे. बाप जिता हाये."

मन्सूरनं हे वाक्य जसं आहे तसं लिहिलं आहे. मी ते दोनदा वाचलं. सुग्राबीनं मागितलं म्हणून.

आधी दाढी काढलीस. डाव्या जबड्यावर आलास तेव्हा तिथं काढायला काही नव्हतं, तरी तुझा वस्तरा तिथून फिरला, असं तो लिहितो. मग मिशी. तुझा चष्मा घामानं सारखा घसरत होता, आणि गाडीची घंटा झाली. वरचा ओठ दोन जागी कापलास. गुणवंत हलला नाही. रक्त पाहून देवीलालनं गडूतलं पाणी ओतलं ते निम्मं मन्सूरच्या पायावर. तू पंच्यानं त्याचं तोंड पुसलंस आणि म्हणालास, जाय आता. डब्यात चढेपर्यंत त्याला वाटत होतं की तू दुसरं काही म्हणशील. मग गाडी हलल्यावर त्याच्या लक्षात आलं की तो जो शब्द मागत होता तो तू बोलून चुकला आहेस.

इथवरचं तुला माहीत आहे. सांगायचं होतं ते याच्या पुढचं, जे तुला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मुंबईला हजेरी झाली. जहाजावर चढायच्या आधी सगळे ओळीत उभे. बूट, कपडे, चेहरे बघत अधिकारी आला आणि गुणवंतापाशी थांबला. ओठावर वर्तमानपत्राचे दोन कपटे चिकटवलेले होते, एकावर लाल डाग.

"कोणी केली ही दाढी?"

"वडिलांनी, सर."

मागे कोणी हसलं. अधिकाऱ्यानं तिकडे बघितलं तसं थांबलं.

"त्यांना दिसत नाही का?"

"एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, सर. दुसऱ्याचं व्हायचं आहे."

अधिकारी म्हणाला, पुढच्या वेळी आधी दुसरा डोळा करून घ्या म्हणावं. आणि पुढच्या माणसाकडे गेला. गुणवंत त्याच दुपारी जहाजावर चढला. इंजिनखोलीत. जहाजाचं नाव लिहायची परवानगी नाही, कुठं जाणार तेही नाही. दोघं वेगवेगळ्या पाळीवर आहेत, जेवायला भेटतात. गुणवंत बोलत नाही फारसा, पण पाळी संपली तरी खालीच थांबतो, असं मन्सूर लिहितो.

ओठाची जखम भरली. रेघ राहिली आहे, बारीक. उद्या परत येऊन मिशी ठेवली तरी तेवढ्या जागी केस येणार नाहीत, असं मन्सूरला वाटतं. मी सुग्राबीला म्हटलं, नको येऊ देत.

मारोतराव आला होता. धामणगावचं त्याच्या कानावर गेलं आहे. सोयरीक वर्षभर थांबवायला तयार आहे म्हणाला. मी सांगितलं, पोरीला विचार. तिला थांबायचं असेल तर थांबेल. तो म्हणाला, पोरीला काय विचारायचं. मी त्याला चहा दिला नाही.

सुग्राबीनं शिवलेला इमाम जामीन अजून माझ्याजवळ आहे. पुढच्या पाकिटातून तिकडे पाठवते.

आता तुझ्या दुसऱ्या डोळ्याचं. साहेबानं सांगितलं आहे, आणि मीही सांगते. कपाशीची पहिली वेचणी आटोपली की वर्ध्याला जायचं. देवीलालला पुढच्या वेचणीवर ठेव, तो दवाखान्यात नुसता झोपतो. बरोबर मी येईन. पंधरा तारखेनंतरच्या सोमवारी पहिल्या बसनं राळेगावला पोचते, आणि या खेपेला माझ्या आत येण्यावर तुझं काही म्हणणं असेल तर ते मनातच ठेव. येऊ का असं मी विचारत नाही. कळवते आहे.

तुझी थोरली बहीण,
इंदू